आवळीखालचं मौन

गुरुजी,

वर 'तीर्थस्वरूप' आणि खाली 'कृतानेक साष्टांग नमस्कार' असं काही घातलेलं नाही, म्हणून रागावू नका. मायना लिहायला घेतला की माझा हात सुटतो, अर्धा कागद त्यातच जातो आणि सांगायचं ते शेवटी समासात कोंबावं लागतं. शिवाय तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं लोटली की वयाने मीच आता तुमच्यापेक्षा मोठा झालो आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमची शेंडी काळी होती. माझी पांढरी आहे, आणि आहे हेच पुष्कळ. तुम्ही मला व्याकरण शिकवलंत, न्याय शिकवलात, सभेत आवाज कुठे चढवावा आणि कुठे उतरवावा तेही शिकवलंत. चढवायचं मला चटकन जमलं. पण आणखी एक विद्या तुम्ही रोज दुपारी कसब्यातल्या त्या घरात, पाटावर बसून, आम्हां सगळ्या शिष्यांच्या डोळ्यांदेखत चालवत होतात, आणि ती मला दिसली नाही. ती मी पुढे लोणीला, एका आवळीच्या झाडाखाली, गळ्यापर्यंत लाडू खाऊन शिकलो. त्याची हकीकत तुम्हाला सांगायची राहिली आहे.

तुमचा हा शिष्य पुण्यात पुराणिक म्हणून नावाजला आहे, हे मीच सांगितलेलं बरं. दुसरा कोणी सांगेल तर शेवटी 'पण' घालून सांगेल. बुधवारातल्या देवळात मी पुराण लावतो. मी बोलायला लागलो की नदीपलीकडे भांबुर्ड्यात म्हशी दूध आखडतात असं लोक म्हणतात, आणि मी ते निंदा म्हणून घेत नाही. जे खरं ते ठासून सांगावं, पुटपुटलेलं सत्य हे अर्धं खोटंच असतं, असं माझं तेव्हा मत होतं आणि आजही आहे. श्रावणातल्या दक्षिणेसाठी पाठांतर फुगवणारे विद्वान, सोवळ्याच्या नावाखाली माणसांना हिडीसफिडीस करणारे सज्जन, हौदावर घागर भरायला येऊन गावाचं पंचनाम्यासारखं वर्णन करणारी मंडळी, या सगळ्यांवर मी तुटून पडलो आहे. एका आषाढात वाचाळपणावर तुटून पडलो. पुण्यात मुठेच्या पाण्यापेक्षा मतं जास्त वाहतात, माणसाने जीभ आवरायला शिकलं पाहिजे, मौनासारखं तप नाही, असं सांगता सांगता माझाच मला असा काही रंग चढला की दिवेलागण कधी झाली कळलं नाही. देवळाच्या खांबाला टेकून एक वृद्ध गृहस्थ बसत असत. जन्मभर दफ्तरात कारकुनी करून मोकळे झालेले. त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "शास्त्रीबुवा, मौनाचा महिमा फारच थोर दिसतो. दुपारपासून चाललाय, अजून संपत नाही."

सगळं देऊळ हसलं. बायकांच्या बाजूनेही हसू आलं, आणि त्यात एक हसू माझ्या घरचं होतं, ते मी ओळखलं. मग मला राहवेना. मी उभा राहिलो आणि गर्जना केली की येत्या चातुर्मासात मी मौनभोजनाचा नेम धरीन. जेवणाआधी हातावर आपोशनाचं पाणी घेतल्यापासून जेवणानंतरचं उत्तरापोशन होईपर्यंत एक शब्द काढणार नाही. काढला तर तसाच पानावरून उठेन आणि त्या दिवशी पुन्हा अन्न घेणार नाही. उद्यापनाला रीतीप्रमाणे ब्राह्मणाला घंटा देईन, आणि तीही साधीसुधी नाही. दुसऱ्याच दिवशी जाऊन तांबट आळीत घंटा सांगूनही आलो. तुम्हाला आठवतच असेल, चातुर्मास म्हटला की पुण्यात घरोघर नेमांची चढाओढ लागते. कोणी भुईवर जेवतो, कोणी मीठ सोडतो, आणि शेजाऱ्याने काय धरलं आहे त्यावर सगळ्यांची आपल्या नेमापेक्षा बारीक नजर असते. माझा नेम तर देवळात जाहीर झालेला. घरी आल्यावर बायकोने पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "जेवतानाच ना मौन?"

"जेवतानाच."

"मग तेवढं साचलेलं आधी बोलणार की नंतर?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. माझ्या मनात त्या वेळी तुम्ही होतात. तुम्हीही प्रत्येक चातुर्मासात मौनाने जेवत होतात आणि आम्ही शिष्य भिंतीच्या कडेला आपापल्या पानांवर बसून ते तप पाहत होतो. मला ते स्वयंपाकघर अजून दिसतं. तुम्ही ताठ बसलेले, समोर आमच्या गुरुपत्नी, काकू, पंखा घेऊन. तुम्ही गप्प आणि काकू अखंड बोलताहेत. हौदाला आज गढूळ पाणी आलं. शेजारणीची गाय हरवली होती, ती ओंकारेश्वराच्या मागे सापडली. तुमच्या धाकट्या भावाच्या बायकोचं वागणं मला पटत नाही, पण मी काही म्हणत नाही, असं म्हणून त्या पुढे बरंच म्हणत. आम्ही खाली मान घालून हसत असू. एवढा मोठा विद्वान, आणि त्याच्या तपाच्या वेळी ही बाई गाईगुरांच्या गोष्टी सांगते! मी तर एकदा तुमची सुटका करायचं ठरवलं. श्रावणातल्या सभेत मी एका काशीकराला गप्प बसवून शालजोडी मिळवली होती. तसाच धावत आलो आणि काकूंचं बोलणं तोडून सगळा वाद पूर्वपक्षापासून सांगायला लागलो. तुम्ही शांतपणे भात संपवलात, उत्तरापोशन घेतलंत आणि म्हणालात, "हिचं बोलणं अर्ध्यावर राहिलंय. आधी ते पुरं होऊ दे. तुझा विजय काही शिळा होत नाही." मला वाटलं, तुम्हाला माझा हेवा वाटला. निरोप देतानाही तुम्ही मला पोथी नाही, तपकिरीची डबी दिलीत. म्हणालात, "बोलावंसं वाटलं की आधी एक चिमूट ओढ. शिंक येईपर्यंत समोरचा माणूस आपली दोन वाक्यं बोलून घेईल." मी ती डबी वापरली. पण मला शिंक येतच नाही, गुरुजी. तपकिरीने माझा घसा उलट मोकळा होतो.

तर नेम सुरू झाला. जेवताना मी गप्प, हे खरं. पण पाटावर बसण्याआधी मी दोन दिवसांचं बोलून घेई आणि हात धुतल्यावर तिसऱ्या दिवसाचं. आणि मधल्या वेळात माझ्या भुवया बोलत. मीठ कमी असेल तर डावी भुवई वर, भात मऊ झाला तर दोन्ही, आमटी आंबट झाली तर मी पानाकडे न पाहता आढ्याकडे पाही. शिवाय माझ्या हुंकारांचे इतके प्रकार होते की त्यावर एक प्रकरण लिहिता आलं असतं. एका स्नेह्याने निर्णय दिला की देववाणीने मौन मोडत नाही, तेव्हा दोन दिवस मी "लवणम्!", "शीघ्रम्!" असं ओरडूनही पाहिलं. तिसऱ्या दिवशी बायको मीठ आणता आणता म्हणाली, "देववाणीत रागावता येतं हे मला ठाऊक नव्हतं. आता मी उत्तर कुठल्या वाणीत देऊ ते सांगा." संस्कृत बंद झालं. उरले हुंकार. एक दिवस ती म्हणाली, "अहो, तुम्ही बोलत होतात ते बरं होतं. बोलणं निदान संपायचं."

याच सुमाराला तीही जेवताना मला काहीबाही सांगायला लागली. दिवसात तेवढीच एक वेळ होती की तिला मध्ये कोणी तोडत नव्हतं. पण माझं ध्यान कुठे असायचं? संध्याकाळच्या पुराणात. तोंड बंद, कान उघडे आणि डोकं व्यासपीठावर. नवरात्र संपलं, दसरा झाला, आणि एका सकाळी दारात बैलगाडी उभी. बायको शाल गुंडाळून, गाठोडं काखेत मारून निघालेली.

मी विचारलं, "कुठे निघालीस?"

"लोणीला. भाऊ तापाने अंथरुणाला खिळलाय. सांगितलं होतं."

"मला? कधी? मला कोणी काही सांगितलेलं नाही!"

"चार दिवस जेवताना सांगतेय. काल विचारलं, जाऊ का. तुम्ही हुंकार दिलात."

मी खवळलो. मी म्हणालो, "तो हुंकार तुला नव्हता. तो भाजीला होता!"

गुरुजी, हे वाक्य मी खाजगीत म्हणालो असतो तर एक वेळ निभावलं असतं. पण माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. ते पेठेतल्या निम्म्या घरांनी ऐकलं. समोरच्या ओट्यावर दात घासणारा एक माणूस चूळ भरायची विसरला. बायकोने गाठोडं आत टाकलं. गाडीत बसली आणि गेली.

भाऊ बरा झाला. ती आली नाही. दिवाळी आली. पाडव्याला ओवाळायला घरात कोणी नव्हतं. मुली सासरी, मुलगा साताऱ्याला कारकुनीवर. मी स्वतःच स्वतःच्या हाताने तेल लावलं, न्हालो, आणि करपलेल्या भातापुढे मौनाने बसलो. तेव्हा एक गंमत कळली. ऐकायला कोणी नसेल तर मौनही धरता येत नाही. नुसतं गप्प बसता येतं. बाजाराच्या दिवशी मेहुण्याचं कूळ गाडी घेऊन लोणीहून मंडईत येत असे. मी त्याला गाठलं. घराण्याची अब्रू सांभाळून, वळणावळणाने विचारलं, "काय रे, तिकडे सगळे बरे ना?"

"बरे हायेत की. कुलकर्णी अप्पा आता हिंडत्यात."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे म्हंजी बाईसायेब व्हय? त्याबी बऱ्या हायेत. पर तुमचं नाव निगालं की तव्यावरची पोळी करपती बगा."

"काही निरोप?"

"हाय ना. म्हनल्या, हुंकाराचा अर्थ ठरला की कळवा."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी त्याच्या गाडीत बसलो. मी काही हात जोडायला चाललो नव्हतो. मी भाषण तयार केलं होतं. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सिद्धान्त, तिन्ही जागच्या जागी. पूर्वपक्षात माझ्याकडून थोडी चूक झाल्याचं मान्य करायचं, उत्तरपक्षात ती चूक नसून विद्येचा स्वभाव आहे हे दाखवायचं आणि सिद्धान्तात तिने गाडीत बसायचं. हडपसर येईपर्यंत मी ते दोनदा बैलांपुढे म्हणून पाहिलं. गाडीवान म्हणाला, "लई ब्येस हाय. पर बाईसायेब इतकं ऐकून घ्येत्याल का?" मी म्हटलं, ऐकतील. लोणीला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. घर बंद. कार्तिक महिना, त्यात चातुर्मास संपवणारी एकादशी दोन दिवसांवर. मंडळी आवळीभोजनाला मळ्यात गेलेली. मी मळ्यात गेलो तो आवळीच्या सावलीत पानं मांडलेली, रांगोळ्या काढलेल्या आणि मेहुणा "या, या, अगदी वेळेवर!" म्हणत पाट पुढे सरकवतोय. मी म्हणालो, आधी मला थोडं बोलायचं आहे. तो म्हणाला, "बोलणं काय, जन्मभर आहे. भात निवतोय." मी बसलो. हातावर पाणी पडलं. माझं भाषण आपोशनाखाली बंद झालं.

आणि आता ती वाढायला येते. हातात बुंदीच्या लाडवांची परात, पदर खोचलेला, चेहऱ्यावर काहीही नाही. इतक्या माणसांत बायकोने नवऱ्याशी थेट बोलायचं नसतं, म्हणून ती माझ्या समोर उभी राहून मेहुण्याच्या बायकोशी बोलते. "वहिनी, यांना विचारा, लाडू वाढू का. नको असेल तर नको म्हणावं."

वहिनी गालात हसून विचारते. मी हात आडवा करतो.

"वहिनी, हात आडवा करणं म्हणजे वाढा की नको? यांच्या खुणा मला कळत नाहीत. एकदा फसले आहे." आणि पानात लाडू पडतो. पानात अन्न टाकणं पाप आहे, हे मी लोणीतच एकदा तीन दिवस गर्जून सांगितलेलं होतं. मी तो लाडू खातो. दुसरा पडतो. पंगत उठल्याशिवाय उठता येत नाही, बोलता येत नाही, टाकता येत नाही. पंगत माझ्याकडे बघायला लागते. मेहुणा भातावर तूप घ्यायचं विसरतो. "वहिनी," ती आता जिलबी आणायला वळता वळता म्हणते, "आज बरं आहे. हे ऐकताहेत. तीस वर्षांचं सांगून घेते. मी तोंड उघडलं की माझं वाक्य हे पुरं करतात, आणि चुकीचं पुरं करतात. चुलीवर पागोळी गळते म्हणून सांगितलं, तर देह नश्वर आहे म्हणाले. देह असेल नश्वर, पण लाकडं भिजतात ना!" पंगत हसते. मीही हसलो असतो, पण तोंडात लाडू होता. ती सांगत राहते. थोरलीचं पहिलं बाळंतपण, तेव्हा सुईण दारात उभी आणि हे अंगणात कोणाशी तरी आत्मा एक की अनेक यावर भांडत होते. सणाला तिच्या आईला बोलवायचं राहिलं ते राहिलंच. एकेक गोष्ट ती सांगते आणि प्रत्येकीला एकेक पदार्थ वाढते. माझ्याजवळ प्रत्येकीवर उत्तर आहे, चांगलं उत्तर आहे, आणि ते लाडवासकट गिळावं लागतं.

मग ती थांबते. परात खाली ठेवते. आवाज जरा खाली जातो.

"वहिनी, आमचा धाकटा देवीत गेला. मुंजही व्हायची होती त्याची. यांनी देवळात वैराग्यावर असं पुराण सांगितलं की सगळं पुणं रडलं. मीही बायकांत बसून रडले. मला वाटलं, घरी आल्यावर माझ्याशीही त्याच्याबद्दल दोन शब्द बोलतील. हे आले, हातपाय धुतले, पानावर बसले आणि म्हणाले, भात मऊ झालाय."

 पानावर एक आवळा टपकन पडतो, तो कोणी उचलत नाही. ती म्हणते, "यांना विचारा, मी घरी यावं असं वाटतं का. वाटत असेल तर तोंडाने सांगावं. हुंकार चालणार नाही."

एकादशी दोन दिवसांवर होती, गुरुजी. तांबटाकडे घंटा घासून तयार होती. ते वृद्ध गृहस्थ खांबाला टेकून माझी वाट पाहत होते. मी डोळे मिटले आणि भाषण शोधलं. पूर्वपक्ष नव्हता, उत्तरपक्ष नव्हता, जिभेवर एक वचन येईना. आणि मी तोंड उघडलं ते बोलायचं ठरवून नव्हे. आतून जे आलं ते आलं.

"त्याला भात मऊच लागायचा."

मी हळू बोललो असं मला वाटलं होतं. आवळीवरचे कावळे उडाले. मेहुण्याच्या हातून द्रोण सांडला. त्या दिवशी भाताबद्दल बोलताना माझ्या मनात तो पोरगा होता का? मला खरंच माहीत नाही. नव्हताही असेल, मी पानावर बसल्यावर भाताला नावं ठेवतोच. पण त्या क्षणी मला तो दिसत होता, भाताची मूद बोटाने खचवून तुपाचं तळं करणारा, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्याचं नाव काढत होतो. नाव काढत होतो म्हणजे भात काढत होतो. मला तेवढंच जमलं.

बायको माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे मोठे झाले आणि ती थेट मला, सगळ्या पंगतीत, वहिनीला मध्ये न घेता म्हणाली, "बोललात! अहो, बोललात तुम्ही! तीन महिने मी तुमचं मौन सांभाळलं. जेवायच्या वेळी दारावर कोणाला येऊ दिलं नाही, मांजर हाकलायचं तेही पदराने हाकललं, आणि दोन दिवस राहिले असताना घालवलंत?"

"तूच तर तोंडाने सांगा म्हणालीस."

"मी म्हटलं म्हणून? मी म्हणते ते तुम्ही कधीपासून ऐकायला लागलात?"

मेहुणा कुलकर्णी आहे, त्याला नियम आधी आठवतात. तो म्हणाला, "शास्त्रीबुवा, वाद नंतर. आता पानावरून उठलं पाहिजे. आणि दिवसभर अन्न नाही." मी उठलो. पानात अडीच लाडू होते. माझं व्रत बायकोसाठी मोडलं की त्या लाडवांना भिऊन मोडलं, यावर लोणीत आजही दोन पक्ष आहेत. मेहुणा दुसऱ्या पक्षात आहे. त्याने बहिणीला विचारलं, "आक्का, जातेस का राहतेस? गाडी जुंपू?" ती डोळे पुसत, भांडी गोळा करत म्हणाली, "जुंप. यांना एकट्याला सोडलं तर हडपसरला उतरून पुराण लावतील."

परतीच्या वाटेवर ती बोलत होती. आधी मला रागावून झालं, मग माझ्या आईला, मग पुण्याच्या पाण्याला, आणि मग ती धाकट्याबद्दल बोलायला लागली. ती काय बोलली ते मी लिहीत नाही. देवळात मी पुष्कळ सांगतो. हे सांगायचं नाही. मी बोलू शकत होतो, जेवण संपलेलं होतं, नेम मोडलेला होता, अडवायला काही नव्हतं. एकदा मी तोंड उघडलं, कारण वैराग्यावर एक फार सुंदर वचन जिभेवर आलं होतं. मग मिटलं. गाडीवान मागे वळून वळून पाहत होता. घरी उतरल्यावर तो मला म्हणाला, "शास्त्रीबुवा, येताना बैल दमले नाहीत बगा."

देवळात मी खरं सांगितलं. ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, "नेम मोडला? कारण?" मी म्हणालो, "घरचं." एवढंच म्हणालो, आणि पुढे काही येतं का म्हणून सगळं देऊळ कितीतरी वेळ थांबून राहिलं. घंटा मात्र माजघरात पडून आहे. दान द्यावी तर व्रत पुरं नाही, मोडीत घालावी तर तांबट पेठेत सांगत सुटेल. त्या वर्षी मला तुमचं ते स्वयंपाकघर पुन्हा आठवलं आणि पहिल्यांदा कळलं की तिथे तप तुमचं नव्हतं, काकूंचा दरबार होता. दिवसात एकदा, पुण्यातल्या सगळ्यात मोठ्या विद्वानाला तोंड बंद करून त्यांच्यापुढे बसावं लागे, आणि गाईची गोष्ट गाय सापडेपर्यंत ऐकावी लागे. तुम्ही ते व्रत मोक्षासाठी धरत नव्हतात, असं मी म्हटलं तर शास्त्राविरुद्ध होईल. म्हणून म्हणत नाही. लिहून ठेवतो.

आता मी दर चातुर्मासात हा नेम धरतो. देवळात जाहीर करत नाही. हा कागदही कुठे धाडायचा नाही. श्रीमंतांचे जासूद दिल्लीपर्यंत जाऊन येतात, पण तुमच्या गावाहून अजून कोणी उत्तर घेऊन आलेला नाही, आणि आला तर तुम्ही तिथेही माझं लेखन लांबलं म्हणून सांगाल. फक्त एक विचारायचं होतं. तुम्ही काकूंचं सगळं ऐकत होतात का? अगदी सगळं? मला अजून ते साधत नाही. ती सांगत असते, मी तोंड मिटून, कान देऊन बसलेला असतो, आणि मध्येच संध्याकाळच्या पुराणातला एखादा दृष्टान्त डोक्यात शिरतो नि मी त्याच्यामागे निघून जातो. भुवया मी जागच्या जागी ठेवतो, हुंकारही योग्य जागी देतो. तरी तिला कळतं. ती बोलायची थांबते, पळी तशीच हातात धरून माझ्याकडे पाहत राहते, आणि मी परत आलो की पुढे सांगते.